तांबोळीबाई आणि आठ अंश

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कार्यालयाची स्मरणिका टपालाने घरी आली. नागरी संरक्षणाच्या कामात नोकरीची वर्षं घालवलेल्या आम्हा पेन्शनरांना ती आठवणीने पाठवतात. तिच्यात कोथरूडच्या हवाई टेहळणी चौकीवर एक परिच्छेद आहे. चौकीचं भरपूर कौतुक आहे आणि मध्येच एक वाक्य आहे: 'स्वयंसेवकांच्या हाताळणीमुळे दिशाचकती जागेवरून सरकली होती, असे नंतर आढळून आले.'

संपादकाचा काही दोष नाही. त्याने ते वाक्य जुन्या इतिवृत्तातून जसंच्या तसं उचललं. ते इतिवृत्त मी लिहिलं होतं. वाक्य खोटं आहे.

ते खोटं का आहे हे सांगायचं तर आधी हमीदा तांबोळी यांच्याबद्दल सांगायला हवं.

शत्रूचं विमान डोंगराआडून अगदी खालून आलं तर रडारला ते वेळेत दिसेलच असं नाही. म्हणून पासष्टच्या आणि एकाहत्तरच्या युद्धांत उंच गच्च्यांवर माणसं बसवली होती. विमान दिसलं की कोणत्या दिशेला, किती उंच, संख्येने किती, एवढं फोनवरून कळवायचं. युद्धं संपली, बहुतेक चौक्या मोडल्या. पुण्यात तीन उरल्या: नारायण पेठेतल्या एका शाळेच्या गच्चीवर, धायरीच्या टेकडीवर आणि कोथरूडला एका चारमजली सोसायटीच्या माथ्यावर. दर रविवारी सकाळी दोन तास स्वयंसेवक तिथे सराव करत. मी त्या तीन चौक्यांचा तपासनीस होतो.

तांबोळीबाई कोथरूडच्या चौकीप्रमुख. जन्म भवानी पेठेतला, नोकरी टेलिफोन खात्यात. एकाहत्तरला टेहळणी चौक्यांचे फोन त्याच जोडून देत. तेव्हा कानाने ऐकलेलं सगळं निवृत्तीनंतर डोळ्यांनी बघायला मिळेल म्हणून त्या चौकीवर आल्या, असं त्या सांगत. नवरा दारूगोळा कारखान्यात होता, तो अकाली गेला. दोन मुली लग्न होऊन गेल्या. उंची जेमतेम पाच फूट, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि कपाळावर स्वतः शिवलेली हिरव्या कापडाची झडप, उन्हासाठी.

आवाज मात्र ऑपरेटरचा राहिला. एक शब्द जास्त नाही. रविवारी दर पंधरा मिनिटांनी कार्यालयात फोन वाजे.

"कोथरूड. आकाश कोरं."

खट्. फोन बंद. बाकीच्या दोन चौक्या 'नमस्कार, कसं काय' करून पाऊसपाण्यावर येत. बाईंनी मला वीस वर्षांत फोनवर एकदाही नमस्कार केला नाही. समोर भेटल्यावर मात्र चहाबरोबर नानकटाई असे.

चौकीत खुर्ची नव्हती. मी एकदा कार्यालयातून दोन पाठवल्या, त्या तिसऱ्या दिवशी परत आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "बसलं की आकाश अर्धं होतं, काळे."

चौकीवर शेंगदाणे खायलाही बंदी. चावण्याचा आवाज कानात भरतो आणि लांबचं इंजिन ऐकू येत नाही. "आधी कान, मग डोळे," असं त्या प्रत्येक नवीन माणसाला सांगत. लोहगावच्या विमानतळावरून उडालेलं विमान कोणतं, ते त्या पाठ करून सांगत. पाठ केलेलं नव्हे, आकाशाकडे पाठ करून.

त्यांचा उजवा हात म्हणजे शिर्के. धायरीचे, आयुष्यभर बस चालवलेले, मिशा पांढऱ्या. धायरीची चौकी घराजवळ असताना ते दर रविवारी दोन बस बदलून कोथरूडला येत. का, असं विचारल्यावर म्हणाले, "तिकडं गप्पाच लई. हितं काम हाय."

एकदा माझ्यासमोर सिंहगडाच्या बाजूला काळा ठिपका दिसला.

"विमान," बाई म्हणाल्या. "ग्लायडर असावं. आवाज नाही."

"घार हाय, बाई," शिर्के म्हणाले.

"घार पंख हलवते."

"सारखी न्हाई हलवत. आमच्या शेतावर तासतास नुसती टांगलेली असती."

बाईंनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. मग नोंदवही उघडून लाल शाईने लिहिलं: 'घारीस ग्लायडर समजले. ह. तांबोळी.' त्या चौकीची वही मी दर वर्षी तपासायचो. निळ्या शाईत सगळ्यांच्या नोंदी आणि लाल शाईत फक्त चुका, त्यातल्या निम्म्या बाईंच्या स्वतःच्या, सहीसकट. सरकारी नोकरीत मी पुष्कळ वह्या बघितल्या. अशी दुसरी बघितली नाही.

हे सगळं नव्वदीच्या दशकाच्या शेवटाचं. कोथरूडमध्ये बंगले पाडून इमारती उठत होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडी सॉफ्टवेअर. एका बिल्डरने नव्या गृहयोजनेची जाहिरात म्हणून भला मोठा फुगा दोरीने बांधून आकाशात सोडला. त्या रविवारपासून बाईंच्या फोनची भाषा बदलली.

"कोथरूड. एक स्थिर वस्तू. एकशे साठ अंश. टू बीएचके."

तीन रविवार दर पंधरा मिनिटांनी हेच. शेवटी मी म्हटलं, "बाई, तो फुगा आहे हे आपल्याला माहीत आहे. त्याची नोंद नको."

"ठीक आहे. लेखी द्या."

लेखी मागायला मी तेव्हाच्या साहेबांकडे गेलो. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. चौथ्या रविवारी फुगा आपोआप उतरला म्हणून सुटलो.

सोसायटीच्या सभेत गच्चीचा प्रश्न दर वर्षी निघे. अध्यक्ष नातू म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना चौकीच्या जागी सगळ्यांसाठी टीव्हीची मोठी डिश बसवायची होती. ते एकदा म्हणाले, "बाई, आता कोण हल्ला करणार आपल्यावर? आपली निम्मी मुलं अमेरिकेत आहेत."

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. "इथे लक्ष ठेवायला कोणीतरी हवं."

डिश दुसऱ्या विंगवर बसली.

हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलंमुली रविवारी स्वयंसेवक म्हणून येऊ लागली, तेव्हा बाई त्यांची परीक्षा घेत. पाच मिनिटं वर बघायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. अमरावतीकडचा एक उंच मुलगा पाच मिनिटांनी म्हणाला, "नथिंग, मॅडम."

"नथिंग हे पाच मिनिटं बघितल्यावरच म्हणता येतं. तुम्ही दोनदा घड्याळ बघितलंत आणि एकदा तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी."

तो मुलगा पुढे तीन वर्षं आला. गॅलरीतल्या मुलीशी त्याचं लग्नही झालं, पण तो वेगळा विषय.

या चौकीची एक रीत मात्र नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

गच्चीच्या मधोमध सिमेंटचा खांब होता आणि त्यावर पितळी दिशाचकती. तिच्यावर तीनशेसाठ अंशांच्या खुणा आणि मध्ये फिरणारी एक पट्टी. पट्टी विमानावर धरायची आणि अंश वाचायचा. चकती बरोबर बसवण्यासाठी प्रत्येक चौकीची एक ठरलेली खूण असे. कोथरूडची खूण सिंहगडावरचा टीव्हीचा लाल-पांढरा मनोरा, एकशे नव्व्याण्णव अंश. वर्षातून एकदा मी यायचो, पट्टी एकशे नव्व्याण्णववर ठेवायचो, मनोरा पट्टीच्या रेषेत येईपर्यंत चकती फिरवायचो आणि बोल्ट आवळायचो. हे काम फक्त तपासनिसाचं. स्वयंसेवकांनी बोल्टला हात लावायचा नाही.

पण बाईंनी आपली वेगळी रीत घातली होती. काम सुरू करण्याआधी त्या पुण्याची हजेरी घेत.

"पर्वती?"

शिर्के पट्टी पर्वतीच्या देवळावर धरत. "एकशे पाच. हजर."

"चतुःशृंगी?"

"एकतीस. हजर."

अशी आठ ठिकाणं. सगळी आपापल्या अंशावर हजर असली तरच काम सुरू. मला ते शाळकरी वाटायचं. मी घरी बायकोला नक्कल करून दाखवायचो.

मग आमच्या कार्यालयात नवीन साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांना संगणक आणायचा होता आणि गच्चीवरची म्हातारी माणसं बंद करायची होती. पण बंद करायला कारण लागतं. म्हणून त्यांनी एक मोठा सराव ठरवला. मुंबईहून वरिष्ठ येणार, शिकाऊ वैमानिकांचं एक लहान विमान खडकवासल्याच्या धरणावरून जाणार आणि तिन्ही चौक्यांनी त्याची दिशा कळवायची. कार्यालयात भिंतीवर पुण्याचा नकाशा, प्रत्येक चौकीच्या जागी खिळा आणि खिळ्याला दोरा. सांगितलेल्या अंशावर दोरे ताणले की तिन्ही धरणावर एकत्र यायला हवेत. ज्या चौकीचा दोरा चुकेल ती बंद.

त्या सकाळी मला तिन्ही चकत्या तपासून द्यायच्या होत्या. नारायण पेठ झाली, धायरी झाली. कोथरूडला पोचेपर्यंत विमान उडायला दहा मिनिटं उरली होती. हवा धुरकट होती. मी पट्टी एकशे नव्व्याण्णववर ठेवली, दूर लाल-पांढरा मनोरा दिसला, चकती फिरवली, बोल्ट आवळले. चकती नेहमीपेक्षा बरीच फिरवावी लागली हे हाताला कळलं होतं. गड दिसत नव्हता आणि मनोरा मात्र दिसत होता, हेही डोळ्यांना कळलं होतं. मी दोन्हींकडे दुर्लक्ष केलं.

"शिर्के, पट्टी धरा," बाई म्हणाल्या. "पर्वती?"

"बाई, आज हजेरी राहू द्या," मी म्हटलं. "चकती आत्ता माझ्या हाताने लावली आहे. विमान निघालंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणताय म्हणून."

विमान आलं. बाईंनी फोन केला. "कोथरूड. एक. लहान. दोनशे एकोणीस अंश."

नारायण पेठेचा आणि धायरीचा असे दोन्ही दोरे बरोबर धरणावर मिळाले. कोथरूडचा दोरा धरण सोडून कुठेतरी डोंगरात गेला. वरिष्ठांसमोर. साहेबांनी त्याच दिवशी टिप्पणी लिहिली: चौकीप्रमुखांचे वय आणि दृष्टी लक्षात घेता कोथरूडची चौकी बंद करावी. अंतिम बैठक आठ दिवसांनी.

दोन दिवसांनी मी स्कूटरवरून वारज्याकडे चाललो होतो. समोरच्या टेकडीवर नवा कोरा लाल-पांढरा मनोरा उभा होता, मोबाइल कंपनीचा. मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिथेच बसून राहिलो. सिंहगडाचा मनोरा समजून मी चकती याच्यावर लावली होती. बाईंची नजर चुकली नव्हती. मी त्यांच्या पायाखालची दिशाच फिरवून दिली होती.

बैठकीला सहा दिवस होते. माझं बढतीचं प्रकरण त्याच साहेबांच्या टेबलावर होतं. मी त्या सहा दिवसांत रोज कार्यालयात गेलो आणि रोज काही न बोलता घरी आलो.

बैठकीला बाई आल्या त्या इस्त्रीच्या साडीत, काखेत नोंदवही. मागे शिर्के, डोक्याला फेटा. भिंतीवरचा नकाशा आणि दोरे तसेच ठेवावेत असं बाईंनी आधीच पत्राने कळवलं होतं. मुंबईचे वरिष्ठ होते आणि बाकीच्या दोन चौक्यांची माणसंही.

"तुमच्या सेवेबद्दल आम्हाला आदर आहे," साहेब म्हणाले, "पण वयोमानाप्रमाणे नजर..."

"नजरेचं नंतर बघू. आधी हे बघा." बाईंनी वही उघडली. "सराव संपल्यावर मी हजेरी घेतली. आधी घ्यायची राहिली होती. पर्वती. नेहमी एकशे पाच, त्या दिवशी एकशे तेरा. चतुःशृंगी. नेहमी एकतीस, त्या दिवशी एकोणचाळीस." त्यांनी आठही ठिकाणं वाचली. प्रत्येक ठिकाण आठ अंश सरकलेलं. वही मिटली. "माझी नजर गेली असेल तर एखादं देऊळ हलेल, साहेब. अख्खं पुणं मोजून आठ अंश कसं हललं?"

त्या मागे वळल्या.

"शिर्के, आपला दोरा आठ अंश मागे घ्या. दोनशे अकरा."

शिर्क्यांनी नकाशाजवळ जाऊन कोनमापक लावला. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या त्या जाड हाताने दोरा सैल करून पुन्हा ताणला. दोरा सरकत सरकत आला आणि धरणावरच्या टाचणीला जाऊन टेकला. तिन्ही दोरे एका टाचणीखाली.

"बसली गाडी थांब्याला," शिर्के म्हणाले.

मुंबईचे वरिष्ठ खो खो हसले आणि टाळ्या वाजवू लागले. मग धायरीवाल्यांनी वाजवल्या, नारायण पेठेतल्यांनी वाजवल्या. आमच्या साहेबांनी आपली टिप्पणी फायलीतून काढली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. मग तेही वाजवू लागले. मीसुद्धा वाजवल्या.

"पण चकती हलवली कोणी?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फोन जोडून झाल्यावर पलीकडचा माणूस बोलेल म्हणून ऑपरेटर थांबते, तशा त्या थांबल्या. मी बैठकीचं इतिवृत्त लिहीत मान खाली घालून बसलो होतो.

"चकतीचं तुमचं कार्यालय बघतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी आकाश बघते."

मी त्या कागदावर लिहिलं, स्वयंसेवकांच्या हाताळणीमुळे. इतिवृत्ताची प्रत बाईंना मिळाली. पुढच्या रविवारी मी गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुमचं, काळे." त्या दिवशी चहा मिळाला, नानकटाई नव्हती. वहीत सरावाच्या तारखेखाली लाल शाईत ओळ होती: 'सांगण्यावरून हजेरी न घेता काम सुरू केले. चूक माझी. ह. तांबोळी.' कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलं नव्हतं.

मला बढती मिळाली.

चौकीचं तर सोनं झालं. साहेबांचा संगणक आला. त्याच्या उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी कोणालाच न सांगता तेच लहान विमान पुन्हा मागवलं, या खेपेला सिंहगडाच्या मागून, खालून. साहेब पाहुण्यांना कळफलक समजावून सांगत होते, तेवढ्यात फोन वाजला. तो मीच उचलला.

"कोथरूड. एक. लहान. एक इंजिन. दोनशे चार अंश, अगदी खाली, शहराकडे. आणि त्याचं इंजिन मधूनमधून अडखळतंय. वैमानिकाला कळवा."

बाकीच्या दोन चौक्यांचे फोन त्यानंतर आले. वैमानिकाला निरोप गेला. विमान उतरल्यावर इंजिन उघडलं तर एक स्पार्क प्लग खरोखरच खराब निघाला. तो प्लग वैमानिकाने स्वतः कोथरूडला नेऊन दिला. बाईंनी तो चौकीत खिळ्याला टांगला. नातूंनी सोसायटीत पेढे वाटले आणि चौकी आपणच टिकवली असं सांगत सुटले. बाईंनी त्यांचा पेढा खाल्ला. म्हणाल्या, "बरोबर आहे. गच्ची यांचीच."

पुढे कितीतरी वर्षं ती चौकी चालली. बाहेरगावचे अधिकारी ती बघायला येत आणि पुण्याची हजेरी ऐकून जात. बाकीच्या दोन चौक्यांनीही हजेरी सुरू केली. तसा आदेश निघाला. मसुदा मीच केला.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी एका दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. शिर्के तोपर्यंत गेले होते. बाईंचे दोन्ही मोतीबिंदू काढले होते आणि चौकी त्यांनी त्या अमरावतीच्या मुलाकडे सोपवली होती. मी बसलोही नाही.

"बाई, चकती मी फिरवली होती."

"हो. वारज्याच्या मनोऱ्यावर लावलीत. दुसऱ्याच दिवशी धुकं गेलं तेव्हा दिसलं मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." त्यांनी नानकटाईची बशी पुढे केली. "खा."

"मला माफ करा."

"माझं काय त्यात? माझा दोरा तर टाचणीवर बसला. आणि मला काय सांगता, मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. शिर्क्यांची नातवंडं ते इतिवृत्त वाचतील कधीतरी. त्यांना वाटेल, आजोबांनी बोल्ट ढिले केले."

सांगतो म्हटलं. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. बाई गेल्या, मी कोणालाच सांगायला गेलो नाही, आणि गेल्या महिन्यात ते वाक्य छापून आलं.

तर नोंद अशी. सरावाच्या सकाळी कोथरूडच्या चौकीची दिशाचकती आठ अंश चुकीची लावली ती तपासनीस म्हणून मी. हजेरी थांबवली ती मी. हमीदा तांबोळी आणि शिर्के यांनी बोल्टला हात लावला नव्हता. त्यांची नजर, त्यांचं काम आणि त्यांचं उत्तर बरोबर होतं. स्मरणिकेच्या संपादकांना याची प्रत पाठवली आहे, शिर्क्यांच्या मुलालाही धायरीला.

त्या दुपारी मी बाईंच्या घरून निघालो. खाली येऊन स्कूटर सुरू केली. डोळे भरले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं. फाटकापर्यंत गेलो तोच वरून तो आवाज आला, एक शब्द जास्त नाही असा.

"काळे. स्टँड."

स्कूटरचा स्टँड खालीच राहिला होता. मी तो पायाने वर घेतला आणि हात करायला मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. लोहगावच्या बाजूने काहीतरी येत होतं, मला अजून ऐकू आलं नव्हतं.